मोठ्या आईची माळ आणि बारा पाइप

विहिरीपासून संत्र्याच्या बागेपर्यंतचं अंतर मी नऊशे मीटर सांगितलं, आणि ते चुकलं. थोडंथोडकं नाही, बारा पाइपांनी चुकलं. मोजताना मला घाई नव्हती, ऊन लागलं नव्हतं, खिशात होकायंत्र होतं आणि मोजण्याचं रीतसर शिक्षण घेतलेला मी आमच्या घरातला एकमेव माणूस होतो. ज्यांनी ते घेतलं नव्हतं त्यांना मोजू दिलं असतं तर अंतर बरोबर निघालं असतं. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, म्हणजे दोष कोणाचा हे शोधत बसायला नको.

शिक्षण झालं ते वर्ध्याला. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो आणि खाकी वर्दी घालून परेडला जायचो. परेडनंतर दोन केळी आणि एक समोसा मिळायचा, देशप्रेम त्यामागून आलं. हिवाळ्यात दहा दिवसांचा कॅम्प लागला. तिथे एक हवालदार होते, पहाडातले, त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे. त्यांनी आम्हाला नकाशा, होकायंत्र आणि पावलं मोजून अंतर काढणं शिकवलं. "मैदान में फीता कौन लाएगा तेरे लिए? तेरा फीता तेरे पाँव हैं," असं म्हणून त्यांनी शंभर मीटरच्या आखलेल्या पट्ट्यावर आम्हाला दिवसभर येरझारा घालायला लावल्या. दोन्ही पाय मोजायचे नाहीत, फक्त डावा मोजायचा. डावा पाय शंभर मीटरला सदुसष्टच्या आसपास पडायचा, म्हणजे डाव्यापासून डाव्यापर्यंत दीड मीटर. माझे पाय तेव्हाही बगळ्यासारखेच होते, पण उस्तादांनी "एकदम पक्का कदम" म्हटल्यावर मला ते एकाएकी कामाचे वाटायला लागले. मोठं अंतर असेल तर त्यांनी एक मण्यांची दोरी दिली होती. डोक्यात शंभर डावे पाय मोजायचे, एक मणी सरकवायचा, पुन्हा एकपासून सुरू. दोरी कॅम्प संपल्यावर परत करावी लागली. नकाशावाचनात आमच्या गटाचा दुसरा नंबर आला आणि बक्षीस म्हणून प्लॅस्टिकच्या झाकणाचं होकायंत्र मिळालं. गट दोनच होते. घरी मी फक्त नंबर सांगितला.

घर रोहण्याला. घरात आई, बाबा, मी आणि मोठी आई, म्हणजे माझ्या मोठ्या बाबांची, बाबांच्या थोरल्या भावाची, बायको. मोठे बाबा मला आठवत नाहीत, मी रांगत असतानाच गेले. मोठ्या आईला मूलबाळ नव्हतं, पण घरात तिचाच शब्द शेवटचा असायचा. ती शाळेत गेली नव्हती. सकाळी अंघोळ झाली की ओसरीवर भिंतीला टेकून बसायची, उजवा हात भगव्या गोमुखीत घालायची आणि आतल्या आत तुळशीची माळ फिरवायची. ओठ हलत, आवाज नाही. त्या वेळी घरात कोणी तिला हाक मारत नसे. दूधवालासुद्धा भांडं ठेवून गुमान निघून जायचा. माळ संपली की मात्र तिचा आवाज पार चौकातल्या गिरणीपर्यंत जायचा, आणि गिरणी सुरू असली तरी ऐकू यायचा.

त्या उन्हाळ्यात घरात बोलणं एकच, बाग. बाबांनी आदल्या पावसाळ्यात बरडापलीकडच्या तुकड्यात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, लावायची सोडून संत्र्याची दोनशे चाळीस कलमं लावली होती. तो तुकडा निचऱ्याचा, संत्र्याला फार चांगला, पण तिथे पाणी नाही. विहीर अलीकडे नाल्याकाठच्या वावरात. मधे मुरमाड बरड, टेकाडासारखा उंच, त्यावर पळसाची झुडपं आणि बोरी, त्यामुळे विहिरीजवळ उभं राहिलं तर बाग दिसत नाही. गावातल्या शहाण्यांनी बाबांना आधीच विचारलं होतं, "तिथं पाणी काय डोक्यावर नेशीन?" बाबा म्हणाले होते, "पाहू." बाबांचं बोलणं साधारण तेवढंच असायचं. हिवाळाभर बैलबंडीवर दोन ड्रम घालून त्यांनी आणि आमचे सालदार दौलतभाऊ यांनी बरडाला वळसा घालून पाणी नेलं. चैत्र लागला तसा एका बैलाच्या खांद्याला सूज आली. मग पाइपलाइन टाकायचं ठरलं. कलमांचा तो पहिला उन्हाळा होता. तेवढा निघाला तर बाग होती, नाही तर दोनशे चाळीस काड्या होत्या.

जेवताना विषय निघाला. ज्वारीची भाकर, चून म्हणजे पिठलं, आणि कैरीचा तक्कू होता. तो तक्कू असला की मला तिसऱ्या भाकरीपर्यंत बोलायला फुरसत नसायची, पण त्या दिवशी मी दुसरीवरच थांबलो.

"दोर आहे आपल्याजवळ शंभर फुटाचा," बाबा म्हणाले. "मी न दौलत दुपारी मोजून घेतो."

"दोर ताणल्या जाते बाबा," मी म्हणालो. "बरडावर झोल पडते त्याले. अन् मधात बाग दिसत नाई, तुम्ही वाकडे जासान. मी मोजतो. मले शिकवलं आहे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आईनं ताटात तक्कू वाढला, म्हणजे तिचा होकार. मोठी आई म्हणाली, "मोजू दे पोट्ट्याले. नंबर आला आहे त्याचा." कितवा, हे कोणी विचारलं नाही.

"बरं," बाबा म्हणाले. मला आज वाटतं, त्या 'बरं'मध्ये थोडा आनंद होता. ते स्वतः चौथीपर्यंत शिकले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी होकायंत्र घेऊन निघालो. आधी बरडावर चढलो. तिथून विहीर आणि बाग दोन्ही दिसतात. सुई पाहिली, कोन धरला, दौलतभाऊंना काठीला लाल दुपट्टा बांधून पुढे उभं केलं. त्यांना डावीकडे सरका, उजवीकडे सरका असं मी लांबून हातवारे करून सांगत होतो आणि ते "अबे, एकदा ठरव न बावा" असं तिकडून ओरडत होते. दिशा मात्र चोख निघाली. खुंट्या ठोकत गेलो तर रेघ बागेच्या बरोबर कोपऱ्यावर उतरली. दौलतभाऊंनी काठी खाली ठेवली आणि म्हणाले, "मानलं बाबू. डबीत दिमाग आहे." माझ्या सगळ्या घोटाळ्याची सुरुवात ह्या कौतुकात आहे. रेघ इतकी बरोबर आली की पुढच्या आकड्यावर शंका घ्यायचं कोणाला सुचलं नाही, मला तर नाहीच.

आता अंतर. विहिरीपाशी उभा राहिलो आणि डावा पाय मोजत निघालो. बेचाळीसपर्यंत गेलो आणि शेजारच्या वावरातून हाक आली, "काय गजू, कवा आला वर्ध्याहून?" आमच्याकडे हाकेला ओ न देता पुढे जाता येत नाही. गेलात तर संध्याकाळपर्यंत तुमच्या घरी निरोप येतो की पोरगं शिकून माजलं. मी म्हणालो, "काल आलो काका." "परीक्षा झाली काय?" "झाली." बेचाळीस होते की बावन्न, गेलं. परत विहिरीपासून. ह्या वेळी एकशे दहापर्यंत पोचलो आणि धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, एक मावशी काड्यांची मोळी घेऊन येत होती. "काय हारपलं रे बाबू? खाली पाहून काऊन चालून राह्यला?" तिला पाइपलाइन सांगितली, पाइपलाइनवरून बैलाची सूज निघाली, सुजेवर तिनं लेप सांगितला. परत विहिरीपासून. तिसऱ्यांदा तर दौलतभाऊंनीच विचारलं, "किती झाले?" आणि त्यांना उत्तर देता देता माझा पाय कोणता पडला तेच कळेना.

मी घरी आलो. ओसरीवर मोठ्या आईची माळ नुकतीच संपली होती, गोमुखी खुंटीला लटकत होती. ती पाहिली आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. आजही मी म्हणतो की कल्पना वाईट नव्हती. डोक्यात काही मोजायचंच नाही. डावा पाय पडला की एक मणी, डावा पाय पडला की एक मणी. मोठा मणी हाताला लागला की फेरी पूर्ण. फेरी पूर्ण झाली की एक खडा खिशात. आणि माळ शंभर मण्यांची. हे शंभर मी कुठून आणले हे मी आजवर अनेकदा स्वतःला विचारलं आहे. कॅम्पात शंभरानंतर मणी सरकवायचा, ते डोक्यात बसलं असेल. किंवा देवाच्या गोष्टी गोल आकड्यात असतात असं मला वाटत असेल. मी माळ मोजली नाही, एवढं खरं. ती गोमुखीत होती, मी ती बाहेरसुद्धा काढली नाही.

"मोठ्या आई, माळ नेऊ काय जरा?"

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू? माळ?"

"हो."

"कॉलेजात काही झालं काय?"

"नाई, शेतात पाहिजे."

तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं डोळे पुसले आणि गोमुखी माझ्या हातात दिली. "चपला घालून नको धरजो," म्हणाली. ते मी पाळलं नाही. मुरमावर अनवाणी चालून माझा पक्का कदम बिघडला असता.

आणि मग खरोखर कमाल झाली. उजवा हात भगव्या पिशवीत घालून, नजर समोरच्या खुंटीवर ठेवून मी विहिरीपासून चालू लागलो. शेजारच्या वावरातल्या काकांनी तोंड उघडलं, माझा हात पाहिला आणि तोंड मिटलं. मावशी मोळीसकट बाजूला झाली आणि तिनं मान लववली. बकऱ्या चारणाऱ्या एका म्हाताऱ्यानं तर बकऱ्या थांबवून धरल्या. सबंध बरड मी एका दमात ओलांडला आणि एका माणसानं मला काही विचारलं नाही. बागेच्या कोपऱ्यावर पोचलो तेव्हा मोठा मणी बोटाला लागला आणि खिशात सहा खडे होते. सहा फेऱ्या, सहाशे कदम, दीड मीटरनं नऊशे मीटर. इतका सुबक आकडा आला की मी दुसऱ्यांदा मोजलं नाही. संध्याकाळी गावात बोलणं होतं की अमक्याच्या पोरानं माळ धरली, एवढ्या लहान वयात. आईला दोन बायका विचारून गेल्या की पोरगं घर सोडून तर जाणार नाही ना.

पाइप वीस फुटी, म्हणजे सहा मीटरचे. दीडशे पाइप. आर्वीच्या दुकानात बाबांनी कौंटरवर हात ठेवून सांगितलं, "दीडशे. माह्या पोरानं होकायंत्र लावून मोजलं आहे." दुकानदार जुना माणूस होता, म्हणाला, "पाच-दहा वर घेऊन जा, राहिले तर वापस घेतो." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "जरूर नाही." त्या दुकानाच्या पायरीवरचा माझा चेहरा मला आज दिसला असता तर मी त्याला एक ठेवून दिली असती.

दोन दिवस चर खोदला. तिसऱ्या दिवशी विहिरीकडून पाइप जोडत निघालो. दौलतभाऊ सोल्युशन लावायचे, बाबा पाइप दाबून बसवायचे, मी पुढचा पाइप आणून द्यायचो आणि मधूनमधून गरज नसताना होकायंत्र पाहायचो. आई आणि मोठी आई जेवण घेऊन थेट बागेतच येऊन बसल्या होत्या, पहिलं पाणी पाहायला. बरड चढलो, बरड उतरलो. ढीग संपत आला. एकशे अठ्ठेचाळीस, एकशे एकोणपन्नास. दीडशेवा पाइप बसला आणि बाबा उभे राहिले. समोर उघडा चर तसाच पुढे गेला होता, आणि त्याच्या टोकाला बाग होती. जवळ होती. आईच्या लुगड्याचे काठ दिसत होते.

मग दौलतभाऊ म्हणाले, "बाबू, आता बाग इकडं येते काय?"

मी बोलायला लागलो. बरडाच्या चढामुळे पाऊल आखूड पडतं. मुरमात पाय घसरतो. जवळच बंडी उभी होती, तिच्या चाकाच्या लोखंडी धावेनं सुई फिरली असेल. दौलतभाऊ म्हणाले, "सुई तर बरोबर होती न." मी म्हणालो, पाइप आखूड असतील. बाबांनी नुकताच बसवलेला शेवटचा पाइप चरात वाकून स्वतःच्या हातानं मोजला, वीस फूट होता, आणि ते मोटार सुरू करायला विहिरीकडे गेले. मला ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

बाबा त्याच दिवशी सायकलनं आर्वीला जाऊन आले. त्या मापाचा माल संपला होता, सीझन होता, आठ दिवसांनी गाडी येणार होती. पुढे चढ होता म्हणून पाट काढून पाणी जात नव्हतं. मग पाइपच्या तोंडाशी ड्रम ठेवला आणि आठ दिवस सगळ्या घरानं बादल्यांनी पाणी वाहिलं. आज अर्धी बाग, उद्या अर्धी. वीज असेल तेवढ्या वेळात. आई पाण्याचा गुंड डोक्यावर घ्यायची, बाबा आणि दौलतभाऊ कावडीनं न्यायचे, मी दोन हातांत दोन बादल्या. वाटेनं जाणारे विचारायचे, "पाइपलाइन झाली म्हणत होते?" बाबा म्हणायचे, "झाली थोडी." सवयीनं माझा डावा पाय आपोआप मोजला जायचा. ड्रमपासून बागेच्या कोपऱ्यापर्यंत अठ्ठेचाळीस. भरल्या बादल्या घेऊन जरा जास्त, पण रिकाम्या घेऊन परत येताना अठ्ठेचाळीस. दिवसातून साठ वेळा अठ्ठेचाळीस. त्या आकड्यानं मला काही सांगितलं नाही. बाबा संध्याकाळी एकेका कलमाच्या सालीला नख लावून पाहायचे. आत हिरवं दिसलं की पुढे. शेवटच्या ओळीतली अकरा कलमं हिरवी दिसली नाहीत. ती त्यांनी उपटून धुऱ्यावर एका रांगेत ठेवली, फेकली नाहीत.

मी आता हिंगणघाटला शाळेत भूगोल शिकवतो, निवृत्तीला फार दिवस राहिले नाहीत. पोरं मोबाईल दाखवून सांगतात, सर, आज आठ हजार पावलं झाली. मी विचारतो, कुठून कुठपर्यंत? ते त्यांना सांगता येत नाही. मी हसत नाही. हसण्याचा माझा अधिकार त्या आठ दिवसांतच संपला.

आठव्या दिवशी संध्याकाळी शेवटच्या बादल्या ओतून आम्ही बोरीच्या सावलीत बसलो होतो. आईनं आंबील दिली होती. मोठ्या आईनं सोबत आणलेली गोमुखी काढली, हात आत घातला, थांबली.

"काऊन रे गजू," ती म्हणाली, "माळ नेली होती तू. जप केला काय खरंच?"

"नाई. मोजलं तिच्यावर."

"काय मोजलं?"

"हेच. पाय पडला की एक मणी. सहा फेऱ्या झाल्या."

"मेरुमणी ओलांडला?"

"म्हणजे?"

"मोठा मणी आला की माळ उलटी फिरवा लागते, मेल्या. ओलांडाचा नसते."

"उलटी काय न सुलटी काय, मणी तर शंभरच."

मोठ्या आईनं गोमुखीतून माळ बाहेर काढली, आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत, आणि माझ्या मांडीवर टाकली. "एकशे आठ," ती म्हणाली. "लहान लेकराले बी माहीत असते."

मी मोजली. डोळ्यांनी मोजली, मग बोटांनी मोजली. एकशे आठ. फेरीला आठ मणी, सहा फेऱ्यांचे अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीस! मी उठून उभा राहिलो. दीड मीटरनं बहात्तर मीटर, सहानं भागले तर बरोबर बारा पाइप. माझं पाऊल चुकलं नव्हतं! चढ नाही, मुरूम नाही, माझा कदम अगदी पक्का होता! मी हे मोठ्या आवाजात, हातवारे करत, एखादा जिंकलेला माणूस सांगतो तसं सगळ्यांना सांगितलं. सांगून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की कोणी टाळ्या वाजवत नाहीये. दौलतभाऊंच्या हाताला कावडीचा घट्टा पडला होता, ते तो चोळत बसले होते. आईनं मान खाली घातली होती, तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती ते मला तेव्हा कळलं नाही. हसत होती, असं तिनं पुढे मला सांगितलं.

बाबांनी आंबील संपवली. पेला पालथा ठेवला. धुऱ्यावरच्या त्या अकरा काड्यांकडे एकदा पाहिलं.

"गाडी आली असन आर्वीले," मी म्हणालो. "सकाळी मी जातो बाबा, एक डझन पाइप घेऊन येतो."

"तू नको जाऊ," बाबा म्हणाले. "तू डझन म्हणून दहाच आणशीन."